एलिझाबेथ झेल्बर्ट

एलिझाबेथ झेल्बर्ट (२२ सप्टेंबर १८९६ – ९ जून १९८६) या जर्मन वकील व सोशल डेमोक्रॅटिक पक्षाच्या राजकारणी होत्या. पश्चिम जर्मनीच्या १९४९ च्या राज्यघटनेत, म्हणजे मूलभूत कायद्यात, स्त्री-पुरुषांच्या समान हक्कांचे कलम समाविष्ट झाले ते मुख्यतः त्यांच्या प्रयत्नांमुळे. घटनासमितीत बहुमत विरोधात गेल्यावर त्यांनी हा प्रश्न सभागृहाबाहेर सामान्य स्त्रियांपुढे नेला आणि दीड महिन्यात निर्णय फिरवून घेतला.

बालपण व शिक्षण

त्यांचा जन्म कासेल या शहरी झाला. माहेरचे नाव मार्था एलिझाबेथ रोडे. चार बहिणींतील त्या दुसऱ्या. वडील तुरुंगात नोकरीस होते व घरची परिस्थिती बेताची होती. मुलींना उच्च शिक्षणाकडे नेणारे मार्ग तेव्हा जवळजवळ बंद होते; त्यामुळे व्यापारविषयक शिक्षण घेऊन त्या एका कंपनीत परदेशी पत्रव्यवहार सांभाळू लागल्या. पहिल्या महायुद्धाच्या आरंभी ती नोकरी सुटली आणि १९१६ पासून त्यांनी तारखात्यात काम केले.

१९१८ साली त्यांची ओळख मुद्रणव्यवसायातील कामगार व सोशल डेमोक्रॅटिक कार्यकर्ते आडाम झेल्बर्ट यांच्याशी झाली. त्याच वर्षी त्या पक्षात आल्या. १९२० साली दोघांचा विवाह झाला. स्त्रियांना नुकताच मताधिकार मिळालेला होता, परंतु ही समता अद्याप कागदावरच आहे, असे त्यांनी १९२० च्या पक्षाच्या महिला परिषदेतच बजावले होते. कायद्याच्या ज्ञानावाचून राजकारणात काही साधणार नाही हे जाणून दोन मुलांची आई असताना त्यांनी १९२५ साली बाहेरून शालान्त परीक्षा दिली. पुढे मारबुर्ग व ग्योटिंगन येथे त्यांनी कायद्याचा अभ्यास केला. या काळात घर व मुले सांभाळण्याचा भार पतीने आणि त्यांच्या आईवडिलांनी उचलला, ही गोष्ट त्या काळाच्या मानाने असाधारणच म्हणावी लागेल. १९३० साली त्यांना डॉक्टरेट मिळाली. दोष कोणाचा हे न पाहता, विवाहसंबंध मोडकळीस आला असणे हेच घटस्फोटाचे कारण मानावे, असे त्यांच्या प्रबंधाचे प्रतिपादन होते.

नाझी राजवटीतील वकिली

१९३३ साली नाझींनी आडाम यांना नोकरीवरून दूर केले व काही काळ ब्राइटेनाउ येथील छळछावणीत डांबले. घर चालवण्याची जबाबदारी एलिझाबेथ यांच्यावर आली. १५ डिसेंबर १९३४ रोजी त्यांना वकिलीची सनद मिळाली. त्यानंतर थोड्याच दिवसांत स्त्रियांना नव्याने सनद देणे बंद झाले.

संसदीय परिषद व समतेचे कलम

१९४८ साली राज्यघटना तयार करण्यासाठी बॉन येथे संसदीय परिषद भरली. मतदानाचा अधिकार असलेल्या ६५ सदस्यांत स्त्रिया केवळ ४ होत्या : झेल्बर्ट, फ्रीडेरिके नाडिग, हेलेने वेबर व हेलेने वेसेल. हेसेन ही झेल्बर्ट यांची कर्मभूमी. परंतु त्यांची निवड झाली ती शेजारच्या नीडरसाक्सन राज्यातून.

१९१९ च्या वायमार राज्यघटनेने स्त्रीपुरुषांना तत्त्वतः समान नागरी हक्क दिले होते. त्यातील तत्त्वतः हा शब्द वरवर निरुपद्रवी दिसतो, पण सर्व पळवाटा त्यातूनच निघत. १९०० सालापासून लागू असलेली नागरी संहिता त्याने जराही हलली नाही. संसारातील सर्व निर्णय पतीचा, पत्नीच्या मालमत्तेची व्यवस्था पतीकडे, आणि न्यायालयाच्या संमतीने पत्नीची नोकरीही त्याला संपवता येई. म्हणून झेल्बर्ट यांनी कोणतेही विशेषण न जोडता, स्त्री व पुरुष समान हक्कांचे आहेत एवढेच सांगणारे वाक्य सुचवले. मूळ जर्मनमध्ये ते अवघ्या पाच शब्दांचे आहे.

विरोध मात्र मोठा झाला. असे कलम आले तर संपूर्ण कुटुंबकायदा घटनाबाह्य ठरून गोंधळ माजेल, हा मुख्य आक्षेप होता. ही भीती निराधार नव्हती. कायदा बदलावाच लागेल, हाच तर झेल्बर्ट यांचा हेतू होता. प्रारंभी त्यांच्या स्वतःच्या पक्षातील सहकारी, अगदी नाडिगसुद्धा, साशंक होत्या. ३ डिसेंबर १९४८ रोजी मुख्य समितीने हा प्रस्ताव ९ विरुद्ध ११ मतांनी फेटाळला.

त्यानंतर झेल्बर्ट गावोगावी फिरू लागल्या. युद्धानंतर पुरुषांपेक्षा स्त्रियांची संख्या कितीतरी लाखांनी अधिक होती. त्यांच्या मतांवाचून पुढील निवडणूक कोणालाही जिंकता येणार नाही, हे त्यांनी विरोधकांना समितीतच सुनावले होते. महिला संघटना, नगरपालिकांतील स्त्री-सदस्य, बव्हेरियाखेरीज इतर राज्यांच्या विधिमंडळांतील स्त्रिया, धातुउद्योगातील संघटित ४०,००० कामगार स्त्रिया अशा सर्व थरांतून बॉनला निवेदने जाऊ लागली. धुण्याच्या टोपल्या भरभरून पत्रे आली असे सांगतात. भग्न शहरांत, अन्नधान्याच्या रांगांत दिवस काढणाऱ्या स्त्रियांनी घटनेच्या एका वाक्यासाठी लेखणी उचलावी, हे विशेष होय.

१८ जानेवारी १९४९ रोजी त्याच समितीने ते कलम एकमताने स्वीकारले. या वादळाचा आपल्यावर परिणाम झाला नसल्याचे थेओडोर हॉइस यांनी म्हटले. मतदानाचे आकडे मात्र वेगळेच सांगतात. कलम ३ मध्ये ते वाक्य आले. विसंगत कायदे बदलण्यास ३१ मार्च १९५३ पर्यंत मुदत देण्यात आली व गोंधळाच्या आक्षेपालाही उत्तर मिळाले.

उत्तरायुष्य

संसदेने ही मुदत पाळली नाही. समान हक्कांचा कायदा १९५७ साली संमत होऊन १ जुलै १९५८ पासून लागू झाला, आणि मुलांबाबत मतभेद झाल्यास अंतिम शब्द पित्याचा ही त्यातील तरतूद घटना न्यायालयाने १९५९ मध्ये रद्द केली. झेल्बर्ट स्वतः केंद्रीय संसदेत कधी पोहोचल्या नाहीत, घटना न्यायालयाचे न्यायाधीशपदही त्यांना मिळाले नाही. त्या १९५८ पर्यंत हेसेनच्या विधिमंडळात होत्या; त्यानंतर दीर्घकाळ कासेल येथे कौटुंबिक कायद्याची वकिली करीत राहिल्या. त्यांच्या प्रबंधातील घटस्फोटाचे तत्त्व जर्मन कायद्याने १९७७ साली स्वीकारले.

१९५६ साली त्यांना राष्ट्रीय सन्मान मिळाला व १९८४ मध्ये कासेलने त्यांना सन्माननीय नागरिक केले. हेसेन राज्याने १९८३ साली त्यांच्या नावाने पुरस्कार सुरू केला. कासेल येथेच त्यांचे निधन झाले.