अंगणात गेलेली शाळा : ताराबाई मोडक



अंगणवाडी हा शब्द ठाऊक नाही असे घर पनवेलमध्ये सापडणार नाही. बाळाचे वजन, लस, पोषण आहार यांसाठी कितीतरी माता तिथे जातात. हा शब्द ज्यांच्या कामातून आला त्या ताराबाई मोडक यांची ओळख मात्र आपल्या तरुणांना क्वचितच असते.

१९ एप्रिल १८९२ रोजी मुंबईत त्यांचा जन्म झाला. घर प्रार्थना समाजाच्या विचारांचे, त्यामुळे मुलगी असूनही शिकता आले. १९१४ मध्ये त्या पदवीधर झाल्या. अमरावतीच्या वकिलाशी झालेला विवाह १९२१ मध्ये मोडला. पदरात लहान मुलगी होती. राजकोटला नोकरी केली, ती सोडून १९२३ मध्ये भावनगरला गिजुभाई बधेका यांच्याकडे गेल्या आणि बालशिक्षणालाच वाहून घेतले. १९२६ साली नूतन बालशिक्षण संघ स्थापन झाला, १९३६ साली दादरला शिशुविहार.

इथेच थांबल्या असत्या तरी नाव राहिले असते. पण दादरची मुले न्हाऊनमाखून, पोटभर जेवून येत. १९४५ साली ताराबाई डहाणू तालुक्यातील बोर्डीला गेल्या. सोबत अनुताई वाघ होत्या, तेराव्या वर्षी वैधव्य आलेल्या. तिथली गरिबांची मुले बालवाडीकडे फिरकेनात. मग बाईंनी बालवाडीच उचलून वस्तीवरच्या अंगणात नेली. मुलांना आधी आंघोळ घालायची, नखे कापायची, डोके विंचरायचे, खरजेवर औषध लावायचे, मग गाणी आणि खेळ. महागड्या माँटेसरी साधनांच्या जागी शंख-शिंपले, बिया, खडे आले.

सेमिनरीत तत्त्वज्ञान शिकताना आम्ही मन ही कोरी पाटी असल्याचा सिद्धांत मोठ्या आवडीने घोकला होता. ताराबाईंचे चरित्र वाचताना वाटते, पाटीला खरूज होते, पाटी उपाशी झोपते, हे त्या तत्त्वज्ञांनी लक्षात घेतले नसावे.

१९५७ मध्ये काम कोसबाडच्या टेकडीवर, वारली पाड्यांमध्ये गेले. तिथे खरी अडचण कळली. आईबाप दिवसभर मजुरीला. मोठी बहीण शाळेत येत नाही, कारण तिच्या कडेवर धाकटे भावंड असते. तिला दटावून काय होणार? ताराबाईंनी पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच आवारात आणून विकासवाडी उभी केली. तान्हे पाळण्यात, मधले बालवाडीत आणि ताई वर्गात. गुरे राखणाऱ्या मुलांसाठी कुरणावरच शाळा भरवली. आमच्या मते त्यांची सर्वांत मोठी गोष्ट ती हीच. मूल का येत नाही, याचे उत्तर त्यांनी मुलात शोधले नाही, त्याच्या घरात जाऊन पाहिले.

१९६२ मध्ये त्यांना पद्मभूषण मिळाले. ३१ ऑगस्ट १९७३ रोजी त्यांचे निधन झाले.

२ ऑक्टोबर १९७५ रोजी केंद्र सरकारने एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू केली. पूरक आहार, लसीकरण, आरोग्य तपासणी, गरज पडल्यास दवाखान्यात पाठवणे, मातांना आहार-आरोग्याची माहिती आणि सहा वर्षांखालील मुलांचे पूर्वशिक्षण, हे सारे एका जागी. त्या जागेला नाव मिळाले अंगणवाडी. ताराबाईंना जाऊन तेव्हा दोन वर्षे झाली होती. कोसबाडचे काम अनुताईंनी पुढे १९९२ मध्ये त्या स्वतः जाईपर्यंत चालवले.