जेबीएलमधला 'एल' कोण? स्टुडिओ मॉनिटर घडवणाऱ्या जेम्स लॅन्सिंगची गोष्ट

मागच्या वर्षी मी मित्राच्या शॉर्ट फिल्मसाठी फोनवरच बॅकग्राउंड म्युझिक बनवलं. ॲप फोनमधलंच होतं. मिक्स ऐकायला पार्टीला वापरतो तो ब्लूटूथ स्पीकर घेतला. घरी एकदम भारी वाटलं. कॉलेजच्या हॉलमध्ये लावलं तेव्हा मात्र बेस गायब, आणि झांजा इतक्या कर्कश की संवाद ऐकूच येईनात. पोरं हसली. साउंड बघणाऱ्या दादाने एवढंच विचारलं, की मिक्स कुठल्या मॉनिटरवर ऐकलंस? मला वाटलं, तो कॉम्प्युटरच्या स्क्रीनबद्दल बोलतोय.

त्यानंतर मी स्टुडिओ मॉनिटरबद्दल वाचायला बसलो आणि वाचता वाचता एका माणसापाशी येऊन थांबलो. त्याच्या नावाची तीन अक्षरं तुम्ही रोज कुठे ना कुठे बघता, पण त्याचं नाव फारसं कुणाला माहीत नसतं.

मॉनिटर स्पीकर म्हणजे काय?

आपले साधे स्पीकर गाणं छान वाटावं म्हणून बनवलेले असतात. बेस थोडा वाढवलेला, आवाज जरा गोड केलेला. मॉनिटर स्पीकर यातलं काही करत नाही. रेकॉर्डिंगमध्ये जे आहे ते शक्य तितकं जसंच्या तसं ऐकवणं हेच त्याचं काम. गायकाचा श्वास, तारेची खरखर, चुकीचा सूर, सगळं उघडं पडतं.

माझा घोळ इथेच झाला होता. माझा स्पीकर स्वतःच बेस वाढवत होता, म्हणून मी मिक्समध्ये बेस कमी केला. वरचे सूर तो दाबत होता, म्हणून मी ते वाढवले. गोडगोड बोलणाऱ्या आरशात बघून दाढी केली, तर दुसरं काय होणार!

मार्टिनीचा लॅन्सिंग झाला

अमेरिकेतल्या इलिनॉय राज्यात १४ जानेवारी १९०२ ला जेम्स मार्टिनीचा जन्म झाला. वडील कोळशाच्या खाणींमध्ये इंजिनियर, घरात भावंडं ढीगभर. दहाएक वर्षांचा असताना त्याने विजेचा भार साठवणारी लेडन बरणी घरीच बनवली. पुढे एक छोटा रेडिओ ट्रान्समीटरही जोडला. त्याचे सिग्नल नौदलाच्या केंद्रापर्यंत पोहोचले आणि तो मोडून टाकावा लागला, असं सांगतात.

मोठा झाल्यावर तो मोटार मेकॅनिक झाला. १९२४ मध्ये आई गेली आणि त्याने घर सोडलं. युटा राज्यातल्या सॉल्ट लेक सिटीत तो एका रेडिओ स्टेशनवर कामाला लागला. तिथेच त्याला पुढची बायको ग्लेना आणि धंद्यातला भागीदार केन डेकर भेटले. दोघे मित्र लॉस एंजेलिसला गेले आणि १९२७ मध्ये त्यांनी 'लॅन्सिंग मॅन्युफॅक्चरिंग कंपनी' काढली. याच सुमारास जेम्स मार्टिनीने नाव बदललं आणि तो झाला जेम्स बुलो लॅन्सिंग. जे, बी, एल. लक्षात आलं ना?

सिनेमा बोलायला लागला

कंपनी सुरुवातीला घरगुती रेडिओसाठी छोटे स्पीकर बनवायची. पण हॉलिवूड शेजारीच होतं आणि सिनेमा नुकताच बोलायला लागला होता. थिएटरमधले तेव्हाचे मोठे स्पीकर अडचणीचे होते. कमी कंपनांचा म्हणजे जाड आवाज एका लांब भोंग्यातून यायचा आणि बारीक आवाज दुसऱ्या, छोट्या भोंग्यातून. आवाजाला एक मीटर अंतर कापायला साधारण ३ मिलिसेकंद लागतात. दोन भोंग्यांच्या लांबीत काही मीटरचा फरक असेल तर एकाच आवाजाचे दोन तुकडे कानावर मागेपुढे पोहोचतात. पडद्यावर टॅप डान्सचा बूट एकदा आपटायचा, ऐकणाऱ्याला मात्र दोन ठोके ऐकू यायचे.

एमजीएम स्टुडिओचा साउंड विभाग डग्लस शियरर सांभाळत होता. त्याने आणि इंजिनियर जॉन हिलियर्डने नवीन सिस्टीम करायची ठरवली आणि स्पीकरचे मुख्य भाग बनवायला लॅन्सिंगला सोबत घेतलं. भोंगे आखूड केले, दोन्ही आवाज वेळेत जुळवले. हाच तो 'शियरर हॉर्न'. १९३६ सालासाठी त्याला ऑस्कर देणाऱ्या अकादमीचा तांत्रिक पुरस्कार मिळाला. तो शियरर आणि एमजीएमच्या साउंड विभागाच्या नावावर आहे. लॅन्सिंगचं नाव त्यात नाही.

मग लॅन्सिंगने तीच कल्पना लहान आकारात आणली. १९३७ च्या सुमाराचा त्याचा 'आयकॉनिक' हा स्पीकर स्टुडिओतल्या खोलीत मावत होता. थिएटरमध्ये काय ऐकू येणार, हे आता रेकॉर्डिंग करणाऱ्यालाही जागेवर बसून कळू लागलं. आजच्या स्टुडिओ मॉनिटरचा हा पूर्वज.

भागीदार गेला आणि हिशेब बिघडला

लॅन्सिंगचं डोकं यंत्रात चालायचं. व्यवहार डेकर बघायचा. १९३९ मध्ये डेकर विमान अपघातात गेला आणि कंपनीची आर्थिक घडी विस्कटली. डिसेंबर १९४१ मध्ये ऑल्टेक नावाच्या कंपनीने ती ५०,००० डॉलरला विकत घेतली. नवं नाव पडलं 'ऑल्टेक लॅन्सिंग' आणि लॅन्सिंग तिथे इंजिनियरिंगचा प्रमुख झाला.

याच नोकरीत त्याच्या हातून '६०४ ड्यूप्लेक्स' घडला. १५ इंची वूफर आणि त्याच्या बरोबर मधोमध बारीक आवाजाचा छोटा हॉर्न. जाड आणि बारीक दोन्ही आवाज एकाच जागेवरून येत असल्यामुळे जवळ बसून ऐकलं तरी ते तुटक वाटत नाहीत. पुढची कित्येक वर्षं अमेरिकेतल्या असंख्य स्टुडिओंमध्ये गाणी याच स्पीकरवर तपासली गेली.

एक नाव, दोन कंपन्या

पाच वर्षांचा करार संपला आणि १९४६ मध्ये लॅन्सिंगने पुन्हा स्वतःची कंपनी काढली. पण 'लॅन्सिंग' हे नाव आता ऑल्टेकच्या पाटीवरही होतं. गोंधळ होतो म्हणून ऑल्टेकने हरकत घेतली. शेवटी कंपनीचं नाव 'जेम्स बी. लॅन्सिंग साउंड' असं पूर्ण लिहायचं ठरलं. जे नाव त्याने स्वतः निवडलं होतं, ते वापरायलाही आता अटी होत्या.

तरी काम जबरदस्त चालू होतं. त्याच्या 'डी १३०' या १५ इंची स्पीकरमध्ये ४ इंच व्यासाची व्हॉइस कॉइल होती. कागदी पडदा हलवणारी ही तार त्या काळच्या मानाने खूपच मोठी. शिवाय ती गोल नव्हती, चपटी होती आणि कडेवर उभी गुंडाळलेली. तेवढ्याच जागेत जास्त धातू मावायचा आणि थोड्या वॅटमध्ये मोठा, स्वच्छ आवाज निघायचा.

पैशांची बाजू मात्र सावरली नाही. कर्ज वाढत गेलं. सप्टेंबर १९४९ मध्ये, वयाच्या ४७ व्या वर्षी, लॅन्सिंगने स्वतःचं आयुष्य संपवलं. हे वाक्य लिहिताना मी बराच वेळ अडकलो. पुढे काय झालं ते आपल्याला माहीत आहे, त्याला ते कधीच कळलं नाही. तुमच्यापैकी कुणाला असं सगळं संपल्यासारखं वाटत असेल, तर १४४१६ या टेली-मानसच्या मोफत नंबरवर कधीही बोला.

त्याच्या मागे

कंपनीचा व्यवहार बघणाऱ्या विल्यम थॉमसने धंदा बुडू दिला नाही. लांबलचक नावाची पुढे तीन अक्षरं झाली, जेबीएल. १९६० च्या दशकाच्या शेवटी जेबीएलने '४३१०' हा मॉनिटर आणला, आणि तोही ऑल्टेकच्या ६०४ ला पर्याय म्हणून! म्हणजे स्टुडिओत लॅन्सिंगच्या नावाच्या कंपनीची स्पर्धा लॅन्सिंगच्याच जुन्या कामाशी होती. १९६९ मध्ये जेबीएल सिडनी हार्मनच्या कंपनीकडे गेली आणि २०१७ मध्ये हार्मन कंपनी सॅमसंगने घेतली. आज हे नाव खिशात मावणाऱ्या स्पीकरवरही आहे आणि स्टुडिओ मॉनिटरवरही. दोघांचं काम मात्र वेगळं.

मी काय बदललं?

मी सेकंडहँड छोटे मॉनिटर घेतले. दोन स्पीकर आणि माझं डोकं असा समान बाजूंचा त्रिकोण होईल असे ते ठेवले, ट्वीटर कानाच्या उंचीवर, भिंतीपासून थोडे पुढे. भिंतीला चिकटवले तर बेस उगाच फुगतो. तुमच्याकडे मॉनिटर नसतील तर निदान फोनमधला इक्वलायझर आणि बेस बूस्ट बंद करा, आणि नीट ओळखीचं एखादं गाणं आपल्या मिक्सशेजारी लावून ऐका.

पहिल्या दिवशी मॉनिटरवर माझंच जुनं म्युझिक लावलं. इतकं वाईट वाटलं की अर्ध्यात बंद केलं. मग परत लावलं आणि चुका वहीत लिहायला घेतल्या.