चेस्टर कार्लसन

चेस्टर फ्लॉइड कार्लसन (८ फेब्रुवारी १९०६ – १९ सप्टेंबर १९६८) हे अमेरिकन भौतिकशास्त्रज्ञ, पेटंट वकील आणि संशोधक होते. कोरड्या पद्धतीने कागदपत्रांच्या प्रती काढण्याच्या झेरोग्राफी या तंत्राचे ते जनक होत. आज घरोघरी वापरल्या जाणाऱ्या ऑल-इन-वन प्रिंटरपैकी लेझर प्रकारचे प्रिंटर याच तत्त्वावर चालतात.

== प्रारंभिक जीवन ==

कार्लसन यांचा जन्म सिॲटल येथे झाला. वडील केशकर्तनकार होते. परंतु संधिवात व क्षयरोग यांमुळे ते काम करण्यास असमर्थ झाले. कुटुंबाला हातभार लावण्यासाठी कार्लसन यांना बालवयातच कामे करावी लागली. ते सतरा वर्षांचे असताना आईचे क्षयरोगाने निधन झाले. १९३० साली त्यांनी कॅलिफोर्निया इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी येथून भौतिकशास्त्राची पदवी घेतली. मंदीच्या त्या काळात त्यांनी ८२ कंपन्यांकडे अर्ज केले. पुढे न्यूयॉर्कमधील बेल प्रयोगशाळेत मिळालेली नोकरी १९३३ मध्ये गेली. त्यानंतर ते एका विद्युत उपकरण कंपनीच्या पेटंट विभागात काम करू लागले व रात्रीच्या वर्गांत कायद्याचे शिक्षण घेऊ लागले.

== संशोधन ==

पेटंटच्या कागदपत्रांच्या अनेक प्रती लागत आणि त्या हाताने किंवा टंकलेखनाने तयार कराव्या लागत. त्यातच कार्लसन यांना संधिवाताचा त्रास सुरू झाला. प्रत काढण्याचा सोपा मार्ग शोधण्यासाठी त्यांनी ग्रंथालयात अभ्यास केला आणि घराच्या स्वयंपाकघरात प्रयोग आरंभले. काही पदार्थांतून प्रकाश पडताच वीज वाहते, या गुणधर्माचा त्यांनी आधार घेतला.

२२ ऑक्टोबर १९३८ रोजी न्यूयॉर्कच्या ॲस्टोरिया भागात ओटो कॉर्नेई या साहाय्यकासह त्यांना पहिले यश मिळाले. गंधकाचा लेप दिलेला जस्ताचा पत्रा रुमालाने घासून विद्युतभारित करण्यात आला. त्यावर अक्षरे लिहिलेली काच ठेवून तीव्र प्रकाश टाकला असता, प्रकाश पडलेल्या भागातील भार नाहीसा झाला. अक्षरांखाली उरलेल्या भाराला बारीक भुकटी चिकटली व ती मेणकागदावर उमटवून उष्णतेने पक्की केली गेली. त्या प्रतीवर त्या दिवसाची तारीख आणि स्थळाचे नाव होते.

== व्यावसायिक यश ==

मूळ पेटंट १९४२ मध्ये मंजूर झाले. परंतु वीसहून अधिक कंपन्यांनी या शोधात रस दाखवला नाही. १९४४ मध्ये कोलंबस येथील बॅटेल संस्थेने, तर त्यानंतर रॉचेस्टरच्या हॅलॉइड या लहान कंपनीने तो विकसित करण्याची जबाबदारी घेतली. ग्रीक भाषेतील 'कोरडे' व 'लेखन' या अर्थांच्या शब्दांवरून झेरोग्राफी हे नाव रूढ झाले. पहिल्या प्रयोगानंतर तब्बल एकवीस वर्षांनी, १९५९ मध्ये, '९१४' हे यंत्र बाजारात आले आणि कंपनीला अभूतपूर्व यश मिळाले. १९६१ मध्ये कंपनीने झेरॉक्स हे नाव धारण केले.

== उत्तरायुष्य व वारसा ==

कार्लसन यांनी आपल्या संपत्तीचा मोठा भाग शिक्षणसंस्था व समाजकार्य यांसाठी, बहुधा स्वतःचे नाव उघड न करता, दान केला. न्यूयॉर्क येथील एका चित्रपटगृहात हृदयविकाराने त्यांचे निधन झाले.

लेझर प्रकारच्या ऑल-इन-वन प्रिंटरमध्ये मूळ कागद स्कॅनर वाचतो, लेझर किरण फिरत्या ड्रमवर विद्युतभाराची प्रतिमा रेखाटतो, तिला टोनर चिकटतो आणि उष्णतेने तो कागदावर पक्का होतो. म्हणूनच ताजी प्रत हाताला कोमट लागते. शाई फवारणाऱ्या इंकजेट प्रिंटरचे तत्त्व मात्र वेगळे आहे. मराठीत कोणत्याही छायाप्रतीला सर्रास झेरॉक्स म्हटले जाते.