४२.३४ मीटर: उषा मेहता आणि ७८ दिवस चाललेलं गुप्त रेडिओ स्टेशन

काही लोक पक्षी बघतात, काही लोक रेल्वे इंजिनांचे नंबर वहीत उतरवतात. मी आणि माझ्यासारखी थोडी मंडळी नवीन रेडिओ स्टेशन सुरू होण्याची वाट बघतो. याला साइन-ऑन म्हणतात. स्टेशन अधिकृतपणे सुरू होण्याआधी त्या फ्रिक्वेन्सीवर नुसती शांतता ऐकू येते. म्हणजे आधीची खरखर गायब होते, पण आवाज काहीच नसतो. कॅरियर चालू झाला, एवढंच त्यावरून कळतं. मग कधी टेस्ट टोन, कधी तीच पाच गाणी फिरून फिरून. आणि मग एक दिवस कुणीतरी स्टेशनचं नाव आणि आकडा सांगतं. तो क्षण पकडायचा आणि तारीख, वेळ, फ्रिक्वेन्सी, सिग्नल कसा होता हे सगळं नोंदवायचं. बस, छंद एवढाच.

पुण्यात या छंदाला खाद्य बऱ्यापैकी मिळालं. आकाशवाणी पुणे केंद्र २ ऑक्टोबर १९५३ ला सुरू झालं, ते ऐकायला आम्ही कुणी नव्हतो. पण पुढे खासगी एफएम आली, विद्यापीठाची विद्यावाणी आली, एफटीआयआयचं कम्युनिटी रेडिओ आलं. आज लॅपटॉपला आरटीएल-एसडीआर डोंगल लावला की अख्खा एफएम बँड स्क्रीनवर धबधब्यासारखा खाली वाहताना दिसतो, आणि एखादी नवी रेघ उगवली की डोळ्यांनीच कळते.

या नादात जुन्या साइन-ऑनची माहिती शोधायची सवय लागते. भारतातल्या सगळ्या साइन-ऑनमध्ये मला सगळ्यात भारी वाटणारं साइन-ऑन २७ ऑगस्ट १९४२ चं आहे. मुंबई, शॉर्टवेव्ह, ४२.३४ मीटर. ते करणारी मुलगी २२ वर्षांची होती, आणि त्याची शिक्षा तिनं आपल्या पुण्यात, येरवड्याच्या तुरुंगात भोगली.

उषा मेहता यांचा जन्म २५ मार्च १९२० चा, सुरतजवळच्या सरस गावातला. वडील ब्रिटिश सरकारचे न्यायाधीश. म्हणजे घरात सरकारी पगार आणि मुलीच्या डोक्यात गांधीजी, अशी अडचणीची परिस्थिती. आठ वर्षांची असताना ती सायमन कमिशनविरुद्धच्या मोर्चात होती. एका मोर्चात लाठीमार झाला आणि झेंडा धरलेली मुलगी झेंड्यासकट पडली, तेव्हा मोठ्यांनी मुलांना झेंड्याच्याच रंगांचे कपडे घातले, असा एक प्रसंग तिच्या लहानपणाबद्दल सांगितला जातो. वडील १९३० मध्ये निवृत्त झाले, नंतर कुटुंब मुंबईला आलं, आणि घरातला अडसर बराचसा दूर झाला. विल्सन कॉलेजमधून १९३९ मध्ये तत्त्वज्ञानाची पदवी, मग कायद्याचा अभ्यास. तो १९४२ मध्ये सुटला.

८ ऑगस्ट १९४२ ला गवालिया टँक मैदानावर चले जावचा ठराव झाला आणि ९ तारखेच्या पहाटे गांधीजींसकट सगळे मोठे नेते उचलले गेले. गांधीजींना पुण्याला आणून आगाखान पॅलेसमध्ये ठेवलं. वर्तमानपत्रांवर बंधनं आली. रेडिओ होता, पण तो सरकारचा. आता आंदोलन कुठे काय चाललंय हे लोकांना कळणार कसं? उषाबेन आणि त्यांच्या मित्रांनी काढलेलं उत्तर होतं: स्वतःचं स्टेशन.

१४ ऑगस्टला गट कामाला लागला. बाबूभाई खाकर, विठ्ठलभाई झवेरी, चंद्रकांत झवेरी आणि उषा. सामान आणि तंत्रज्ञ मिळवायला मदत झाली शिकागो रेडिओचे मालक नानक मोटवाने यांची. काँग्रेसच्या सभांना लाउडस्पीकर पुरवणारी हीच ती कंपनी. ट्रान्समीटर बांधला नरिमन प्रिंटर यांनी. ते हॅम होते, म्हणजे परवाना घेऊन हौसेनं रेडिओ चालवणारे. महायुद्ध सुरू झाल्यावर सरकारनं सगळ्या हॅमचे परवाने रद्द केले होते आणि यंत्रं जमा करायला लावली होती. पण डोक्यातलं सर्किट कोण जमा करून घेणार? पुढे राममनोहर लोहिया आणि आपल्या अहमदनगरचे अच्युतराव पटवर्धन यांच्यासारखे भूमिगत नेतेही या रेडिओच्या मागे उभे राहिले.

आता थोडं तांत्रिक, कारण त्याशिवाय या पोरांनी काय धाडस केलं ते नीट कळत नाही.

४२.३४ मीटर ही तरंगलांबी. प्रकाशाच्या वेगाला तिनं भागलं की फ्रिक्वेन्सी येते सुमारे ७.०८ मेगाहर्ट्झ. हे आकडे बघून कुठल्याही हॅमचे कान टवकारतील, कारण आजचा ४० मीटरचा हॅम बँड ७ मेगाहर्ट्झलाच सुरू होतो. प्रिंटर हॅम होते हे लक्षात घेतलं की हा आकडा कुठून आला असेल याचा अंदाज बांधता येतो (हा अंदाज माझा आहे). या पट्ट्यातल्या लहरी वर आयनोस्फिअरला आपटून परत खाली येतात. दिवसा खालचा डी थर त्यांना बराच शोषून घेतो, सूर्य मावळला की तो थर विरतो आणि तोच लहानसा ट्रान्समीटर शेकडो किलोमीटर लांब ऐकू जायला लागतो. या रेडिओचं प्रसारण आधी दिवसातून दोनदा व्हायचं, नंतर फक्त संध्याकाळी, हिंदी आणि इंग्रजीत. सुरक्षितता हे त्याचं एक कारण, पण संध्याकाळची वेळ भौतिकशास्त्राच्या दृष्टीनंही सोयीची होती.

दुसरी गोष्ट अँटेना. अर्ध्या तरंगलांबीची तार ताणायची म्हटली तर ती २१ मीटर होते. आखूड तारेवरही काम भागतं, पण किती आखूड करणार? मुंबईच्या भर वस्तीत, पोलीस शोधत असताना, हे सगळं कुणाच्याही डोळ्यावर न येता लावायचं आणि दर थोड्या दिवसांनी काढून दुसरीकडे न्यायचं. माझ्या सोसायटीत मी गच्चीवर दहा मीटरची वायर टाकली तर दोन मीटिंगा झाल्या!

पण खरी पंचाईत वेगळीच आहे. नवीन स्टेशनला लोकांनी सापडायला हवं असतं. म्हणून प्रत्येक प्रसारणाच्या सुरुवातीला निवेदक स्टेशनचं नाव आणि ४२.३४ मीटर हा आकडा स्पष्ट सांगायचे. जागा मात्र भारतात कुठेतरी, एवढीच. गंमत अशी की आकडा सांगितला की तो पोलिसांनाही कळतो. आणि फ्रिक्वेन्सी कळली की जागा शोधणं हा फक्त वेळेचा प्रश्न उरतो. लूप अँटेना गोल फिरवायची, एका विशिष्ट कोनात आवाज अगदी बारीक होतो, त्यावरून ट्रान्समीटर कुठल्या रेषेवर आहे ते कळतं. शहराच्या दुसऱ्या टोकाहून तेच पुन्हा करायचं. नकाशावर दोन रेषा जिथे छेदतात तिथे दार ठोठवायचं. म्हणजे ज्या लहरीवर तुम्ही बोलता तीच तुमचा पत्ता सांगत असते. एन्क्रिप्शन वगैरे इथे उपयोगाचं नाही, कारण ऐकणारा हा सामान्य माणूस आहे.

यावर उपाय एकच, हलत राहायचं. चौपाटीवरची सी व्ह्यू इमारत, मग लॅबर्नम रोडवरचं अजित व्हिला, सँडहर्स्ट रोडवरचं लक्ष्मी भुवन, पारेख वाडी, आणि शेवटी महालक्ष्मी मंदिराजवळचा पॅराडाइज बंगला. शिवाय या लोकांनी रेकॉर्डिंगची जागा आणि प्रसारणाची जागा वेगळी ठेवली होती. कार्यक्रम एकीकडे तयार व्हायचा, वाजायचा दुसरीकडे. एका जागेवर धाड पडली तरी दुसरी वाचावी! आम्ही सॉफ्टवेअरवाले ज्याला आर्किटेक्चर म्हणून मिरवतो ते हेच.

आणि सांगायचे काय? बातम्या. चितगाववरचा बॉम्बहल्ला, जमशेदपूरचा संप, आणि विदर्भातल्या आष्टी-चिमूरमध्ये लोकांवर झालेले अत्याचार. वर्तमानपत्रं जे छापू शकत नव्हती ते इथे ऐकू यायचं. रेडिओ तेव्हा किती लोकांकडे असतील? स्वातंत्र्याच्या वेळी अख्ख्या देशात पावणेतीन लाखांच्या आसपास सेट होते, १९४२ मध्ये त्याहून कमीच. पण एका सेटभोवती बरेच कान असायचे, आणि ऐकलेली बातमी पुढे पायी जायची. इथे एक गोष्ट सांगून टाकतो. आजही आपल्या देशात खासगी एफएम स्टेशनला स्वतःच्या बातम्या देता येत नाहीत, फार तर आकाशवाणीचं बातमीपत्र जसंच्या तसं लावता येतं. मी नोंदवलेल्या प्रत्येक पुणेरी एफएम साइन-ऑनमध्ये गाणी होती, जाहिराती होत्या, आरजेची बडबड होती. बातमी एकाही ठिकाणी नव्हती. २०२४ मध्ये या विषयावर ‘ऐ वतन मेरे वतन’ हा हिंदी सिनेमा आला, तेव्हा लोक टाळ्या वाजवून मोकळे झाले, पण हा प्रश्न फारसा कुणाला पडलेला दिसला नाही.

१२ नोव्हेंबर १९४२. त्या दिवशी प्रिंटर पोलिसांच्या ताब्यात होते. बाबूभाईंच्या ऑफिसवर पोलीस आले, उषाबेन तिथे पोचल्या, परिस्थिती बघितली आणि काहीतरी कारण काढून निसटल्या. इथे बहुतेकांनी घर गाठलं असतं. त्या रेकॉर्डिंगच्या जागी गेल्या, नेत्यांना सावध केलं आणि संध्याकाळचं प्रसारण करायचंच असं ठरवून ट्रान्समीटरकडे गेल्या. प्रसारण संपत आलं होतं, शेवटचं वंदे मातरम् वाजत होतं, तेव्हा दार तोडून पोलीस आत आले. रेकॉर्ड बंद करायचा हुकूम झाला, त्यांनी तो मानला नाही. पोलिसांना जागा दाखवायला प्रिंटर सोबत होते. २७ ऑगस्ट ते १२ नोव्हेंबर, दोन्ही दिवस धरून ७८ दिवस.

प्रिंटर यांना एका शब्दात गद्दार म्हणून मोकळं होणं सोपं आहे, बऱ्याच ठिकाणी तसंच लिहितात. ते पुढे माफीचे साक्षीदारही झाले. पण त्यांच्या हाताशिवाय हे स्टेशन उभंच राहिलं नसतं, हेही तितकंच खरं. तंत्रज्ञाला सर्किट येतं म्हणून त्याला कोठडीही सोसता येईल असं कुठे असतं?

उषाबेनना मात्र सोसता आली. सुमारे सहा महिने चौकशी चालली. फोडायचे सगळे प्रकार झाले, परदेशी शिक्षणाचं आमिषसुद्धा दाखवलं गेलं. त्या बोलल्या नाहीत. खटल्यात त्यांनी न्यायाधीशांना एवढंच विचारलं, की उत्तरं देणं बंधनकारक आहे का. नाही, असं कळल्यावर त्यांनी एकाही प्रश्नाचं उत्तर दिलं नाही, स्वतःला वाचवू शकेल अशाही नाही. १९४३ मध्ये बाबूभाईंना पाच वर्षं, उषाबेनना चार वर्षं सक्तमजुरी आणि चंद्रकांत झवेरींना एक वर्ष शिक्षा झाली. विठ्ठलभाई झवेरी आणि मोटवाने सुटले.

या खटल्यातला एक तपशील आमच्यासारख्या नोंदी ठेवणाऱ्यांना फार भावतो. पोलीस हे प्रसारण ऐकून शब्दशः लिहून काढत होते, पुरावा म्हणून. ती टिपणं फाइलींमध्ये टिकली, म्हणून आज त्या रेडिओवर काय बोललं गेलं ते आपल्याला वाचता येतं. म्हणजे या स्टेशनची सगळ्यात चोख नोंदवही ठेवली ती त्याला पकडणाऱ्यांनी!

मग येरवडा. काही किलोमीटरवर आगाखान पॅलेसमध्ये मे १९४४ पर्यंत गांधीजी कैदेत होते. तिथेच २२ फेब्रुवारी १९४४ ला कस्तुरबा गेल्या. ज्यांचं नाव घेऊन स्टेशन चालवलं ते इतक्या जवळ, आणि दोघांनाही बाहेर पडता येत नव्हतं. आज त्या भागात आयटी कंपन्यांच्या बसेसची रांग असते. तुरुंगात उषाबेनची तब्येत ढासळली. त्यांना मुंबईला जेजे हॉस्पिटलमध्ये हलवलं, तिथे खाटेभोवती चोवीस तास पोलीस पहारा, आणि बरं वाटल्यावर पुन्हा येरवडा. मार्च १९४६ मध्ये सुटका झाली. मुंबई प्रांतात गृहमंत्री झालेल्या मोरारजी देसाईंच्या आदेशानं सुटलेल्या राजकीय कैद्यांमध्ये त्या पहिल्या.

१५ ऑगस्ट १९४७ ला त्या अंथरुणाला खिळलेल्या होत्या, दिल्लीच्या समारंभाला जाणं झालंच नाही. राजकारणात त्या पडल्या नाहीत. गांधीजींच्या राजकीय आणि सामाजिक विचारांवर पीएचडी केली, विल्सन कॉलेजात शिकवलं, मुंबई विद्यापीठात नागरिकशास्त्र-राज्यशास्त्र विभागाच्या प्रमुख झाल्या, १९८० मध्ये निवृत्त झाल्या. नंतर मणिभवन आणि गांधी स्मारक निधीचं काम. १९९८ मध्ये पद्मविभूषण मिळालं. माइकसमोर त्या पुन्हा खूपदा बसल्या असतील, पण स्टेशन काढलं नाही.

गवालिया टँकचं नाव आता ऑगस्ट क्रांती मैदान आहे. ९ ऑगस्ट २००० ला, तब्येत बरी नसतानाही, त्या दरवर्षीसारख्या तिथल्या कार्यक्रमाला गेल्या. घरी आल्या आणि ११ तारखेला गेल्या. वय ८०.

४२.३४ मीटर तुम्हालाही ऐकता येईल. साध्या डोंगलला एवढ्या खालच्या फ्रिक्वेन्सीसाठी अपकन्व्हर्टर किंवा डायरेक्ट सॅम्पलिंगची सोय लागते, ती करा, संध्याकाळी सातनंतर ७.०८ मेगाहर्ट्झवर या आणि मोड एलएसबी ठेवा. तिथे आता देशभरातले हॅम गप्पा मारत असतात. कॉलसाइन सांगतात, सिग्नल कसा येतोय ते विचारतात, आणि आपण कुठल्या गावाहून बोलतोय ते न विचारताच सांगून टाकतात.