डासाला ज्याचे नाव मिळाले

कोकणातील प्राण्यापाखरांवर आणि कीटकांवर जिवापाड प्रेम करणारा एडवर्ड हॅमिल्टन एटकेन हा वंशाने स्कॉटिश असला, तरी त्याचा जन्म १८५१ साली साताऱ्यात झाला. वडील मिशनरी होते आणि मुलाचे शिक्षण त्यांनी स्वतः केले. मुंबई विद्यापीठाची पदवी मिळवून एटकेनने पुण्याच्या डेक्कन कॉलेजात काही वर्षे लॅटिन शिकवले. १८७६ मध्ये तो मुंबई सरकारच्या जकात व मीठ खात्यात दाखल झाला. खाराघोडा, उरण, उत्तर कानडा, गोव्याची सरहद्द, रत्नागिरी अशा ठिकाणी त्याची नोकरी झाली. मिठागरे आणि जकातीच्या चौक्या यांची तपासणी करता करता त्याची नजर मुंग्या, फुलपाखरे, डास यांच्यावर खिळत असे.

१८८३ साली मुंबईत आठ जणांनी बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी स्थापन केली. एटकेन त्यांपैकी एक होता. संस्थेच्या नियतकालिकाच्या संपादनात आरंभी त्याचा वाटा होता. कारवारच्या परिसरात डेव्हिडसन आणि बेल या मित्रांसह त्याने फुलपाखरांच्या अळ्या पाळून त्यांच्या वाढीच्या नोंदी केल्या. 'ईएचए' या आद्याक्षरांनी त्याने लिहिलेली खेळकर पुस्तके घरोघरी वाचली गेली.

१८९७ मध्ये सिकंदराबादेत रोनाल्ड रॉसला डासाच्या पोटात हिवतापाचा परजीवी सापडला आणि डासांकडे पाहण्याची दृष्टीच बदलली. गोव्याच्या सरहद्दीवरील चौक्यांत मीठ खात्याचे शिपाई हिवतापाने खंगत होते, काही दगावतही होते. ॲनॉफिलीस डासांपासून त्यांना दूर कसे ठेवावे, याची चौकशी सरकारने एटकेनवर सोपवली. या भटकंतीत त्याला एक अनोळखी ॲनॉफिलीस मिळाला. लष्करी वैद्यकीय सेवेतील जेम्स यांनी तो तपासला. ही जात नवीच ठरली आणि १९०३ मध्ये तिला 'ॲनॉफिलीस एटकेनी' हे नाव मिळाले.

हा लहानसा, काळपट डास रानातल्या सावलीच्या वहाळांत वाढतो. इतर अनेक ॲनॉफिलीसच्या पंखांवर ठिपके असतात, याचे पंख मात्र एकरंगी. हिवताप पसरवण्यात त्याचा वाटा नगण्य मानला जातो. त्याच मुलखातील झऱ्यांत वाढणारा 'ॲनॉफिलीस फ्लूविआटिलिस' मात्र खरा वाहक आहे. म्हणूनच जातीची नेमकी ओळख जिवावरची बाब ठरते. निरुपद्रवी डासामागे धावण्यात श्रम गेले, तर घातक डास मोकळाच राहतो.

आज कोकणात हौशी मंडळी माश्या आणि डासांची उत्तम छायाचित्रे टिपतात. शेपूट वर करून तिरपे बसण्याच्या ढबीवरून ॲनॉफिलीस बहुधा छायाचित्रातही ओळखता येतो. पण एकसारख्या दिसणाऱ्या जाती वेगळ्या करायच्या तर पंखांवरील खवले, अळीचे केस, नराची जननेंद्रिये हे सारे सूक्ष्मदर्शकाखालीच पाहावे लागते. त्यामुळे छायाचित्राबरोबर ठिकाण, तारीख आणि पाणवठ्याची नोंद ठेवली तरच ते अभ्यासकाच्या उपयोगी पडते.

१९०३ मध्ये एटकेन कराचीला गेला. १९०६ साली निवृत्त होऊन तो स्कॉटलंडला परतला आणि १९०९ च्या एप्रिलमध्ये एडिंबरोत त्याचे निधन झाले. सह्याद्रीच्या वहाळांवर त्याच्या नावाचा डास आजही वाढतो आहे.