खाशाबा जाधव आणि सात हजारांचे कर्ज

आमच्या मराठवाड्यात जत्रेचा हगामा रेवड्यांच्या कुस्त्यांनी सुरू होतो आणि दिवस मावळता मावळता मोठ्या जोडीवर संपतो. त्या गर्दीत खाशाबा जाधवांचे नाव कोणी ना कोणी काढतोच. पण माझ्या बऱ्याच मित्रांना, त्यांनी ऑलिंपिकचे पदक आणले यापलीकडे फारसे ठाऊक नसते. म्हणून हा लेखप्रपंच.

खाशाबांचा जन्म १५ जानेवारी १९२६ रोजी कराडजवळच्या गोळेश्वर गावी झाला. पाच भावांत ते धाकटे. वडील दादासाहेब स्वतः मल्ल, त्यामुळे तालीम घरातच होती म्हणायला हरकत नाही. कराडच्या टिळक हायस्कुलात शिक्षण झाले, पुढे कोल्हापूरचे राजाराम कॉलेज. अंगाने ते काही धिप्पाड नव्हते. सारी भिस्त चपळाईवर आणि ढाक डावावर.

१९४८ साली कोल्हापूरच्या महाराजांनी खर्च उचलला आणि खाशाबा लंडनला गेले. आयुष्य मातीत गेलेले, आणि समोर गादी! मातीत पाठ लागली की निकाल. गादीवर गुणांचा हिशेब. असे असूनही त्यांनी सहावा क्रमांक मिळवला. मला विचाराल तर त्यांच्या गुणवत्तेची खरी साक्ष हा सहावा क्रमांकच आहे.

पुढची चार वर्षे त्यांनी तयारीत घालवली. १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकसाठी निवड झाली खरी, पण जाण्यायेण्याचा खर्च कोण देणार? गावोगाव वर्गणी मागितली, तरी रक्कम पुरी होईना. तेव्हा राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डीकर यांनी आपले राहते घर गहाण टाकून सात हजार रुपये उभे केले. आमच्या प्राध्यापक मंडळींनी हे वाक्य जरा सावकाश वाचावे! त्या काळचे सात हजार. आणि तेही एका पहिलवान विद्यार्थ्यासाठी, जो हात हलवत परत येण्याचीच शक्यता अधिक.

हेलसिंकीत खाशाबा ५७ किलो गटात उतरले. कॅनडा, मेक्सिको आणि जर्मनीच्या मल्लांना त्यांनी हरवले. जपानच्या इशीईशी झालेली कुस्ती लांबली आणि खाशाबा हरले. पुढे सोव्हिएत मल्ल मामेदबेकोव्हकडूनही हार झाली. दोन लढतींमध्ये मिळायला हवी होती ती विश्रांती मिळाली नाही आणि त्यांच्या बाजूने भांडायला आपला एकही अधिकारी तेथे हजर नव्हता, असे सांगतात. इशीईला सुवर्ण, मामेदबेकोव्हला रौप्य, खाशाबांना कांस्य. स्वतंत्र भारताचे हे पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक.

कराड स्टेशनवर शंभरावर बैलगाड्या आल्या. गोळेश्वरपर्यंत मिरवणूक निघाली, तिला एरवीपेक्षा कितीतरी जास्त वेळ लागला. पण गुलाल धुतल्यावर खाशाबांना आठवले ते प्राचार्यांचे गहाण पडलेले घर. त्यांनी कोल्हापुरात कुस्त्यांची मैदाने भरवली, स्वतः लढले, आणि त्या उत्पन्नातून खर्डीकर सरांचे घर सोडवले. सरकारदरबारी अर्ज करीत बसले असते, तर तेही कोणाला वावगे वाटले नसते.

१९५५ साली ते पोलीस खात्यात सब-इन्स्पेक्टर झाले. सत्तावीस-अठ्ठावीस वर्षे नोकरी करून सहायक पोलीस आयुक्त म्हणून निवृत्त झाले. पण हक्काच्या पेन्शनसाठीही त्यांना झगडावे लागले. १४ ऑगस्ट १९८४ रोजी रस्त्यावरील अपघातात त्यांचे निधन झाले.

भारताला दुसरे वैयक्तिक पदक मिळायला १९९६ साल उजाडले. टेनिसपटू लिअँडर पेसने ते अटलांटात मिळवले. मधली ४४ वर्षे खाशाबा एकटेच होते. अर्जुन पुरस्कार त्यांच्या नावाने जाहीर झाला तो २००० सालचा, मरणोत्तर. दिल्लीतल्या कुस्तीच्या आखाड्याला त्यांचे नाव दिले गेले ते २०१० च्या राष्ट्रकुल स्पर्धांच्या वेळी. गोळेश्वरच्या बैलगाड्या मात्र १९५२ सालीच वेळेवर पोहोचल्या होत्या.