नामदार गोखले : सरकारकडे हिशोब मागणारे मास्तर



१९ फेब्रुवारीला आपल्या सगळ्या शाळांत शिवजयंतीची गडबड असते. त्याच तारखेला १९१५ साली गोपाळ कृष्ण गोखले गेले, ते त्या गडबडीत राहूनच जातं. मुलांच्या निबंधातही ते येतात 'गांधीजींचे राजकीय गुरू' एवढ्या एका ओळीपुरते. मला मात्र ते आपल्यातलेच वाटतात. मास्तर होते, आणि सरकारपुढे उभे राहिले तेही मास्तरासारखेच.

९ मे १८६६ रोजी गुहागर तालुक्यातल्या कोतळूक गावी त्यांचा जन्म झाला. घरची गरिबी. वडील लवकर वारले. थोरले भाऊ गोविंदराव यांनी नोकरी धरून धाकट्याला शिकवलं. १८८४ ला बी. ए. झाल्यावर गोखले पुण्याच्या न्यू इंग्लिश स्कूलमध्ये आणि पुढे फर्ग्युसन कॉलेजात शिकवू लागले. अंकगणिताचं पाठ्यपुस्तकही त्यांनी लिहिलं. हे आकड्यांचं वेड पुढे फार कामाला आलं.

मुंबईच्या कायदेमंडळातून १९०२ साली ते व्हाइसरॉयच्या कायदेमंडळात गेले. तिथलं काम कसं चालायचं हे मुलांना आधी सांगायला हवं, नाहीतर त्यांचं मोठेपण कळत नाही. तेव्हा आजच्यासारखे लोकांना जबाबदार मंत्री नव्हते. व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळातले सभासद खाती सांभाळायचे. आपल्या सभासदांना बजेटवर बोलता यायचं, पण मत देता येत नव्हतं! म्हणजे हातात फक्त माहिती आणि युक्तिवाद.

१९०२ च्या पहिल्याच बजेट भाषणात त्यांनी सरकारचेच आकडे सरकारपुढे ठेवले. दुष्काळाने लोक पिचलेले असताना तिजोरीत शिल्लक उरते, याचा अर्थ कर जास्त आहेत, असं त्यांनी दाखवून दिलं. मिठावर तेव्हा मणामागे अडीच रुपये कर होता. गरिबाच्या भाकरीवरचा हा कर कमी करा, ही मागणी त्यांनी वर्षानुवर्षं लावून धरली. १९०३ साली तो २ रुपये झाला, १९०५ ला दीड आणि १९०७ ला १ रुपया. एकट्या गोखल्यांमुळे झालं असं म्हणणं बरोबर नाही, पण पाठपुरावा म्हणतात तो हा.

१९०९ च्या सुधारणांनंतर ठराव मांडता येऊ लागले. दक्षिण आफ्रिकेतल्या नाताळ वसाहतीसाठी करारबद्ध मजूर नेणं बंद करा, हा त्यांचा १९१० चा ठराव सरकारने मान्य केला.

त्याच वर्षी त्यांनी सक्तीच्या मोफत प्राथमिक शिक्षणाचा ठराव आणला. सरकारने विचार करू म्हटलं, म्हणून तो मागे घेतला. पुढे काही हालचाल दिसेना, तेव्हा मार्च १९११ मध्ये थेट बिलच मांडलं. मागणी अगदी बेताची होती. ज्या भागात ठरावीक प्रमाणात मुलं आधीच शाळेत जातात तिथेच, नगरपालिकेची किंवा जिल्हा बोर्डाची इच्छा असेल तरच, आणि तेही सरकारच्या परवानगीने, ६ ते १० वर्षांच्या मुलग्यांना शाळा सक्तीची करता यावी. मुली पुढच्या टप्प्यावर ठेवल्या होत्या, हे आज खटकतं. गरीब पालकांना फी माफ. सयाजीराव महाराजांनी बडोदा संस्थानात १९०६ सालीच सक्ती लागू केली होती, म्हणजे 'हिंदुस्थानात हे जमणार नाही' असं म्हणायलाही जागा नव्हती. तरी पैसा नाही, लोकांची तयारी नाही, अशी कारणं आलीच.

वर्षभर बिल मतांसाठी गावोगाव फिरलं. मार्च १९१२ मध्ये दोन दिवस चर्चा झाली आणि मतदान झालं. बाजूने १३, विरुद्ध ३८. विरोधात नुसते इंग्रज अधिकारी नव्हते, आपले काही जमीनदार सभासदही होते. बिल पडणार हे गोखल्यांना आधीच कळलं होतं, तरी त्यांनी प्रत्येक आक्षेपाला उत्तर दिलं. त्याच वर्षी ते दक्षिण आफ्रिकेतल्या हिंदी लोकांचे हाल पाहायला तिकडे गेले. मधुमेहाने शरीर पोखरलं होतं. ४८ व्या वर्षी गेले.

त्यानंतर ३ वर्षांनी, १९१८ साली, विठ्ठलभाई पटेलांनी आणलेला प्राथमिक शिक्षणाचा कायदा मुंबई इलाख्यातल्या नगरपालिकांसाठी मंजूर झाला. देशभरातल्या ६ ते १४ वयाच्या प्रत्येक मुलामुलीला कायद्याने शाळेचा हक्क मिळायला १ एप्रिल २०१० उजाडावा लागला.